मामा बरोबर आहे, पण फंक्शन कॅन्सल करू नकोस

पत्र आलंय ते थोडं कापून देते:

"मावशी, आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आजी जुन्या पिक्चरची प्रचंड वेडी, म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की संध्याकाळी एक खोटं अवॉर्ड फंक्शन करायचं. मी गॉसिप कॉलम लिहिणारी बाई होणार, पांढरी साडी, गॉगल वगैरे, आणि कझिन्स नटनट्या बनून स्टेजवर बक्षीस घ्यायला येणार. यादी जेवताना वाचून दाखवली तर मामा ताटावरून उठला! त्याला तीन बक्षिसं खटकली. 'सर्वोत्कृष्ट ब्रेकअप' दिलीपकुमार आणि मधुबालाला, 'बॉटम्स अप' मीनाकुमारीला आणि 'एक डोळा बारीक' ललिता पवारना. मनोजकुमारच्या हाताला आणि देव आनंदच्या काळ्या कोटाला मात्र तो हसला होता. मामा ओव्हर करतोय का माझंच काही चुकतंय? आणि गॉसिपवाल्यांची ती खवचट भाषा लिहायची कशी, माझं सगळं शाळेच्या निबंधासारखं होतंय. – पांढऱ्या साडीतली भाची"

अगं भाची, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मामा तीनपैकी तीन ठिकाणी बरोबर आहे. ताटावरून उठायची गरज नव्हती, तेवढा एक मार्क कापते. आणि फंक्शन करायचंच, अजिबात कॅन्सल करायचं नाही, फक्त यादी दुरुस्त करायची.

बघ, उत्तर तुझ्याच पत्रात आहे. मनोजकुमारच्या हातावर मामा हसला, का हसला? कारण चेहऱ्यापुढे हात आडवा धरणं हे मनोजकुमारने स्वतः, कॅमेऱ्यासमोर, पैसे घेऊन, पिक्चरमागून पिक्चर केलंय. आपण तिकीट काढून बघितलंय. त्यावर खिदळायचा आपला पूर्ण हक्क. ललिताबाईंच्या डोळ्याचं तसं नाहीये. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायचा सीन होता, फटका जरा जास्तच बसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार बराच काळ चालले आणि डावा डोळा बारीक झाला तो झालाच. बाई तेव्हा हिरोइनचे रोल करायच्या, मूकपटापासून कामं करत आलेल्या होत्या, आणि त्यानंतर नशिबात आल्या त्या सासवा आणि कजाग बायका. म्हणजे तू जे बक्षीस देतेयस ते त्यांच्या अॅक्टिंगला नाही, एका अपघाताला देतेयस.

मग ललिताबाईंना वगळायचं का? वेडी आहेस का, त्यांच्याशिवाय फंक्शन कसलं. १९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई होत्या, म्हणजे 'ध'चा 'मा' करणाऱ्या, आणि १९८७ ला टीव्हीवरच्या रामायणात मंथरा. मानपत्र आयतंच तयार आहे: "कान भरण्याच्या क्षेत्रातला त्रेचाळीस वर्षांचा अखंड अनुभव!" लोक हसतील आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येईल की बाई किती वर्षं टिकल्या. वर लगेच सांगायचं की याच चेहऱ्याने १९५९ च्या 'अनाडी'तली मायाळू मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर नेलं. तुझ्या आजीला मिसेस डिसा पाठ असणार, पैज लाव.

मीनाकुमारीचं तसंच. दारूने ती बाई गेली, १९७२ ला, चाळिशीही गाठली नव्हती, 'पाकीजा' लागून काही आठवडेच झाले होते. त्यावर ग्लास उंचावून कोण हसणार? तुझ्या कझिनच्या हातात बाटली देशील, पहिली दोन मिनिटं पोरं हसतील आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका गप्प होतील. त्यापेक्षा खरा किस्सा ऐक. १९६३ च्या फिल्मफेअरला बेस्ट अॅक्ट्रेसची तीन नॉमिनेशन्स होती, 'साहिब बीबी और गुलाम', 'आरती' आणि 'मैं चुप रहूंगी', आणि तिन्हीत मीनाकुमारीच. चौथं नावच नाही. बाई जिंकल्या पण आणि दोनदा हरल्या पण, एकाच संध्याकाळी. बक्षिसाचं नाव ठेव 'स्वतःला पाडून निवडून आल्याबद्दल'. स्टेजवर तीन मीनाकुमारी पाठव, एक जिंकते आणि उरलेल्या दोघी तोंड वाकडं करून टाळ्या वाजवतात. दहा वेळा सांगते, बाटलीवाल्या आयटमपेक्षा हा जास्त चालेल.

आता मधुबाला आणि दिलीपकुमार. हे जरा अवघड आहे कारण ब्रेकअप हा काही गुन्हा नाही, लोक हसतात त्यावर. पण तो ब्रेकअप साधा होता का? 'नया दौर'वरून १९५७ ला प्रकरण कोर्टात गेलं, दिलीपकुमार साक्षीला उभा राहिला तो प्रोड्यूसरच्या बाजूने, तिच्या वडिलांच्या विरुद्ध, आणि हे सगळं चालू असताना दोघं 'मुगल-ए-आझम'मध्ये प्रेमाचे सीन देत होते, म्हणजे बोलणं बंद आणि कॅमेरा चालू. त्यात तिच्या हृदयात छिद्र, आणि १९६९ ला ती गेली तेव्हा जेमतेम छत्तीस. यात हसायला जागा कुठे आहे सांग, मला तर शोधून सापडत नाही.

दोघांना वेगवेगळं बक्षीस दे. मधुबालाला 'सेटवर हसू न आवरल्याबद्दल', कारण तिच्या खिदळण्याचे किस्से तिच्याबरोबर काम केलेल्यांनी कितीतरी सांगितलेत. आणि दिलीपकुमारसाठी माझ्याकडे असा आयटम आहे की तुमच्याकडे कुणी पुणेकर पाहुणे असतील तर खुर्चीवरून पडतील. हिरो व्हायच्या आधी हा माणूस पुण्यात, ब्रिटिश आर्मीच्या कँटीनमध्ये सँडविचचा स्टॉल चालवायचा आणि पाच हजार रुपये गाठीला बांधून मुंबईला परतला. त्या काळचे पाच हजार! 'पुण्यात धंदा करून नफ्यात बाहेर पडल्याबद्दल विशेष जीवनगौरव'. बस. याच्यापुढे 'कोहिनूर'साठी तो खरोखरची सतार शिकला वगैरे सांगत बसायची गरजच उरणार नाही, पण वेळ उरला तर सांग.

तर नियम काय झाला? कामाला, लकबीला, हट्टाला, चातुर्याला बक्षीस द्यायचं, जखमेला नाही. आता तू म्हणशील मावशी, नटनट्यांनी स्वतःच सांगितलेलं असेल तर चालेल ना? बहुतेक वेळा चालतं, पण सरसकट नाही हं. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रात स्वतःबद्दल जे सांगितलंय तितकं उघड क्वचितच कुणी सांगितलं असेल, म्हणून काय त्यावर विनोद करायचे? त्यांनी ते हसवायला सांगितलंच नव्हतं. उलट शम्मी कपूर त्याच्या लग्नाची गोष्ट रंगवून रंगवून सांगायचा, ते ऐकणाऱ्याने हसावं म्हणूनच. सांगताना तो माणूस स्वतः हसत होता का, एवढं बघ, बाकी अक्कल आपोआप येते.

शम्मीचं लग्न तर तुझ्या यादीत नाहीये हे बघून मला धक्काच बसला! १९५५ चा ऑगस्ट, गीता बाली म्हणाली करायचं तर आजच, रात्री बाणगंगेच्या देवळात गेले तर पुजारी म्हणाला देव झोपलेत, पहाटे या. पहाटे परत गेले, फेरे झाले, आणि ऐन वेळी लक्षात आलं की सिंदूर कुणी आणलाच नाही, तर गीता बालीने पर्समधून लिपस्टिक काढून हातात दिली. 'मेकअप किटचा सर्वोत्कृष्ट वापर', हे बक्षीस गीता बालीला, शम्मीला नाही. आणि त्याला जोडूनच 'सर्वोत्कृष्ट लंच ब्रेक' देव आनंद आणि कल्पना कार्तिकला, कारण 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या सेटवर लंच टाइममध्ये जाऊन लग्न केलं आणि परत येऊन शॉट दिला. एवढं तर सरकारी ऑफिसात पण कुणाला जमलं नसेल.

देव आनंदचा विषय निघालाच आहे तर तो काळा कोट काढून टाक. मामा हसला ते ठीक, पण ही जी गोष्ट फिरते ना की कोर्टाने त्याला काळा कोट घालायला बंदी केली होती कारण पोरी गच्चीवरून उड्या मारायच्या, ती दंतकथा आहे गं, कुठलं कोर्ट, कुठली तारीख, काही पत्ता नसतो तिला. गॉसिप खोटं असलं की ते गॉसिप नसतं, नुसती फेकाफेक असते, आणि तुझ्या प्रेक्षकांत असा एक काका नक्की असतो जो मध्येच उठून "आदेश दाखवा" म्हणतो. त्याऐवजी हे घे: प्रभात स्टुडिओ, पुणे, देव आनंद नवखा हिरो, गुरुदत्त तिथलाच एक होतकरू असिस्टंट, दोघांचे कपडे एकाच धोब्याकडे, आणि एक दिवस देवला दिसलं की आपला शर्ट हा दुसराच माणूस घालून फिरतोय. तिथून दोस्ती झाली, वचन दिलं-घेतलं गेलं की मी प्रोड्यूसर झालो तर डायरेक्टर तू, आणि १९५१ ला 'बाजी' आला. म्हणजे बक्षीस कुणाला जातं? धोब्याला! 'हिंदी सिनेमाला दिलेल्या योगदानाबद्दल, प्रभातच्या अज्ञात धोब्यास.' हे तुझ्या सगळ्यात लाजाळू कझिनला दे, एक शब्द बोलायचा नाही, नुसता शर्ट घेऊन यायचं.

आता एक बक्षीस माझ्याकडून घालच, मी हट्टच धरणार आहे. लीला चिटणीस. लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली हिंदुस्थानी नटी, १९४१ ला, आपली मराठी बाई. १९३९ ला 'कंगन'मध्ये अशोककुमारची हिरोइन, मग 'बंधन', मग 'झूला', तिन्ही जोरात चालले. आणि १९४८ ला 'शहीद'मध्ये काय झाली? दिलीपकुमारची आई. १९५१ ला 'आवारा'त राज कपूरची आई. नऊ-दहा वर्षांत हिरोइनची डायरेक्ट आई झाली, आणि पुढे आयुष्यभर पांढरी साडी, खोकला आणि शिवणाचं मशीन. आणि तिचे ते हिरो अशोककुमार, जे तिच्याहून थोडे लहानच होते, ते १९५८ ला 'हावडा ब्रिज'मध्ये कोणाबरोबर हिंडत होते? मधुबालाबरोबर, जी 'कंगन' आला तेव्हा सहा वर्षांची होती!

याचं बक्षीस 'सर्वात जलद प्रमोशन', आणि ते लीलाबाईंना न देता इंडस्ट्रीला द्यायचं. कुणीतरी जाड काका सफारी घालून प्रोड्यूसर म्हणून येऊ देत आणि लीलाबाई झालेली पोरगी त्यांच्या हातात लक्सची वडी ठेवून "सूनबाई कुठाय माझी?" म्हणेल. यात टोमणा आहे ना, चांगला जोरदार टोमणा आहे, पण तो कुणाला बसतो बघ. मामाला खटकलेल्या तुझ्या तीन बक्षिसांत तो ज्यांना आधीच मार बसला होता त्यांनाच परत बसत होता. आणि अशोककुमारना पण सोडू नकोस, साधा लॅब असिस्टंट माणूस, बॉम्बे टॉकीजचा हिरो मालकाच्या बायकोबरोबर, म्हणजे खुद्द देविका राणीबरोबर पळाला म्हणून 'जीवन नैया'त हिरो झाला. ती परत आली, हिरोला काही परत घेतलं नाही. 'दुसऱ्याच्या पळून जाण्याचा सर्वाधिक फायदा'. हे प्रकरण उघड आहे, पुस्तकापुस्तकांत छापलेलं आहे, सगळे जाऊन कैक वर्षं झाली, आणि विनोद अशोककुमारच्या नशिबावर आहे, त्यामुळे चालतं.

बाकीची चार-पाच भराभर सांगते, तुझं तू फुलव. जॉनी वॉकर, बेस्टच्या बसचा कंडक्टर, गुरुदत्तसमोर दारुड्याची नक्कल करून काम मिळवलं, नाव व्हिस्कीचं आणि आयुष्यात थेंब घेतला नाही. नूतन, जिचा 'नगीना' आला तेव्हा ती इतकी लहान होती की पिक्चर फक्त प्रौढांसाठी म्हणून तिला स्वतःच्याच पिक्चरला आत सोडलं नाही. बलराज साहनी तर कमालच, 'हलचल'च्या वेळी अटकेत होते, आर्थर रोड जेलमधून शूटिंगला यायचे, आणि रोल होता जेलरचा. वहिदा रहमान, विशीच्या आतली पोरगी, गुरुदत्तच्या कंपनीशी करार करताना म्हणते नाव बदलणार नाही आणि कपडे मला पटले तरच घालीन, लिहून द्या. हिला 'सही करण्याआधी कागद वाचल्याबद्दल' द्यायचं आणि ते मात्र घरातल्या सगळ्या तरुण पोरींकडे बघून मोठ्याने वाचायचं. साधना कट सांगायलाच नको, कपाळ मोठं दिसतं म्हणून 'लव्ह इन सिमला'ला पुढे केस कापले आणि आख्ख्या देशाच्या पोरींनी आयांचा मार खाल्ला, तुझ्या आजीने पण खाल्ला असेल, विचार. किशोरकुमारने एका मुलाखतीत आपल्या बागेतल्या झाडांची नावं सांगितली होती, जनार्दन, रघुनंदन, गंगाधर वगैरे, तर बारक्या पोरांना झाडं कर, त्यांना पाठांतर नको.

आणि एक खास मराठी: १९३८ चा 'ब्रह्मचारी', आचार्य अत्र्यांची गोष्ट, मास्टर विनायक हिरो, आणि मीनाक्षी शिरोडकर स्विमसूटमध्ये. सोवळ्या-ओवळ्याच्या लोकांनी केवढी बोंब मारली आणि पिक्चर केवढा चालला! इथं बक्षीस मीनाक्षीबाईंना नको, प्रेक्षकांना दे, 'निषेध नोंदवून परत तिकीट काढल्याबद्दल'. आजीच्या वयाच्या पाहुण्यांना विचार, कुणाच्या तरी वडिलांनी तो चोरून बघितलेला असणारच.

भाषेचं विचारलंयस. निबंध होतोय कारण तू माहिती सांगतेयस. गॉसिपवाला माहिती सांगत नाही, त्याला सगळं आधीच माहितीये आणि तुम्हालाही माहितीये असं तो गृहीत धरतो. "शम्मी कपूर यांचा विवाह १९५५ साली झाला" हे झालं पाठ्यपुस्तक. "देव झोपले होते, शम्मी जागा होता, आणि सिंदूर घरी राहिला होता, पुढचं गीताच्या पर्सला विचारा" हा झाला कॉलम. नाव शेवटी, किस्सा आधी. एका मानपत्राला तीन वाक्यं पुरतात, तिसऱ्यात टाचणी.

आणि हा धंदा आपल्या लोकांनीच गाजवलाय बरं का, मराठी माणूस धंद्यात मागे म्हणतात पण गॉसिपच्या धंद्यात नाही. बाबूराव पटेल, पालघरकडचा माणूस, १९३५ पासून 'फिल्मइंडिया' नावाचं इंग्रजी मासिक चालवायचा, त्यात 'जूडास' या नावाने कॉलम, आणि वाचकांच्या प्रश्नांना अशी उत्तरं की विचारणाऱ्याला परत विचारायची हिंमत होऊ नये. शांता आपटेबद्दल वेडंवाकडं लिहिलं तर बाई हातात छडी घेऊन त्याच्या ऑफिसात पोचल्या असं सांगतात. शांताबाई तशाच होत्या, १९३९ ला प्रभातशी वाजलं तर स्टुडिओच्या दारातच उपोषणाला बसल्या होत्या. मग देवयानी चौबळ, 'स्टार अँड स्टाइल'मधली, जिची पांढरी साडी तू नेसणारेस, तिचा कॉलम 'फ्रँकली स्पीकिंग', इंग्रजीत मध्येच हिंदी घुसडून लिहायची. त्यानंतर १९७१ ला 'स्टारडस्ट' निघालं, त्याची संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आताच्या शोभा डे. तिकडे हॉलिवूडमध्ये तर पत्रकार बायकांचा क्लबच होता, तो सहकार्य करणाऱ्या स्टारला 'गोल्डन ॲपल' द्यायचा आणि नखरे करणाऱ्याला 'सावर ॲपल', आंबट सफरचंद. ही आंबट सफरचंदाची आयडिया तू उचललीस तरी चालेल, दरवर्षी कुटुंबातल्या एकाला.

पण एक लक्षात ठेव, या सगळ्यांनी जिवंत आणि ताकदवान स्टार्सशी पंगा घेतला होता, समोरचा छडी घेऊन येऊ शकत होता. तुझे सगळे स्टार्स फोटोत गेलेत किंवा खूप म्हातारे झालेत, ते कुणी येणार नाहीत. म्हणून छडीचं काम मामा करतोय, त्याला करू दे. आणि पोशाख देवयानीबाईंचा घे, जीभ थोडी कमी घे, तिनं बऱ्याच जणांना रक्त येईपर्यंत ओरबाडलंय.

आता मामाचं काय करायचं. त्याची समजूत काढत बसू नकोस, त्याला स्टेजवर घे. फंक्शनचा शेवटचा भाग 'नाकारलेले पुरस्कार' असा ठेव, कारण खरं सांगू का, जुन्या फिल्मफेअरमधले सगळ्यात भारी किस्से बक्षीस घेणाऱ्यांचे नाहीत, नाही म्हणणाऱ्यांचे आहेत. वैजयंतीमालाला 'देवदास'साठी सहाय्यक अभिनेत्रीचं दिलं तर ती म्हणाली माझी चंद्रमुखी पारोच्या बरोबरीची आहे, सहाय्यक कसली, ठेवा तुमच्याकडे. लताबाईंचं तर फारच गोड. 'चोरी चोरी'च्या संगीताला शंकर-जयकिशनना बक्षीस जाहीर झालं आणि त्यांनी लताबाईंना सांगितलं की समारंभात 'रसिक बलमा' गा, तर बाई म्हणाल्या बक्षीस संगीताला आहे ना, मग नुसतं संगीत वाजवा, गाणाऱ्याला तुमच्याकडे बक्षीसच नाही. गाणाऱ्यांसाठी वेगळं बक्षीस सुरू झालं १९५९ ला आणि पहिलं लताबाईंनाच मिळालं, 'मधुमती'साठी. एक नकार आणि कॅटेगरी तयार!

आणि प्राण. १९७३, 'बेईमान'साठी सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस जाहीर झालं. त्याच वर्षी संगीताचं बक्षीस पण 'बेईमान'लाच, आणि 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना काही नाही, तेही ते जाऊन चार-पाच वर्षं झालेली असताना. प्राण म्हणाला मग मला पण नको. म्हणजे स्वतःच्या पिक्चरच्या विरोधात, स्वतःचं बक्षीस सोडून, मेलेल्या माणसाच्या बाजूने. आयुष्यभर व्हिलन म्हणून शिव्या खाल्लेला माणूस.

हा रोल मामाला दे. ताटावरून उठणारा माणूस आहे, नाही म्हणायची त्याला प्रॅक्टिस आहे. तू पांढऱ्या साडीत नाव पुकारायचं, त्याने येऊन कारण सांगून नाकारायचं, पूर्ण तत्त्वाने, आवाज चढवून. रिहर्सलला मात्र एकदाच बोलव, दोनदा बोलवलंस तर तो स्क्रिप्ट बदलायला लागेल.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. भगवानदादांना 'वरातीत नाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे गुरू' म्हणून बक्षीस ठेवलंच असशील, 'अलबेला'च्या स्टेप्सवर सगळ्यांना नाचव, पण ते ललिताबाईंच्या बक्षिसाला लागून ठेवू नकोस, मध्ये चार-पाच आयटम जाऊ देत, किस्सा माहीत असलेला कुणीतरी पटकन बोलून जाईल. आणि यादी फायनल झाली की आजीला दाखवू नकोस पण आजीच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला नक्की दाखव, त्या पिढीला कोण कुठे दुखतं ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी एखाद्या नावावर काट मारली तर वाद घालायचा नाही, काट मारायची. आणि जॉनी वॉकर करणाऱ्या पोराच्या ग्लासात कोकम सरबतच आहे ना, ते स्वतः वास घेऊन बघ, कझिन्सचा काही भरवसा नसतो.

– मावशी